क्षय वेगाने झाला, तर उष्णता कुठे गेली?

अमेरिकेत १९९७ साली सात-आठ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन एक प्रकल्प हाती घेतला. त्याचं नाव 'रेट'. किरणोत्सारी समस्थानिकं (म्हणजे आपोआप फुटून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलणारे अणू; या फुटण्यालाच क्षय म्हणतात) आणि पृथ्वीचं वय हा त्याचा विषय. पैसा आणि पाठबळ तेव्हा कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ असलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च' या संस्थेचं, जोडीला त्याच विचारांची 'क्रिएशन रिसर्च सोसायटी'. लॅरी वार्डिमन, रसेल हम्फ्रीज, जॉन बॉमगार्डनर, अँड्र्यू स्नेलिंग, स्टीव्हन ऑस्टिन, यूजीन चॅफिन ही त्यातली प्रमुख मंडळी. कुणी भौतिकशास्त्रातले डॉक्टरेट, कुणी भूशास्त्रातले. आठ वर्षं काम चाललं, दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला आणि २००५ मध्ये निष्कर्षांचा जाडजूड ग्रंथ बाहेर आला.

या मंडळींची श्रद्धा अशी, की बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकातला शब्दन् शब्द इतिहास आहे. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, पुढे नोहाच्या काळात सगळी पृथ्वी बुडवणारा महाप्रलय आला, त्यातून नोहाचं कुटुंब आणि प्राणी एका तारवात (मोठ्या नावेत) वाचले, आणि वंशावळींतली वर्षं मोजत मागे गेलं की पृथ्वीचं वय सहा हजार वर्षांच्या आसपास भरतं. सतराव्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी असाच हिशेब करून निर्मितीचं साल इसवी सनपूर्व ४००४ असं काढलं होतं. दुसऱ्या बाजूला खडकांतलं युरेनियम, शिसं, पोटॅशियम, आर्गॉन मोजून आणि उल्कापाषाणांचा ताळा घेऊन विज्ञान पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं सांगतं. या दोन आकड्यांत तडजोड होण्यासारखी नाही.

आधीच्या पिढीतले निर्मितीवादी म्हणायचे, की एवढा क्षय मुळी झालेलाच नाही. खडकातलं शिसं युरेनियमच्या क्षयातून आलेलं नाही, ते पहिल्यापासून होतं, नमुने दूषित होते, मोजणारे चुकले. 'रेट'च्या लोकांनी स्वतः खडक तपासले, युरेनियम बाळगणाऱ्या झिरकॉन या खनिजाचे स्फटिक पाहिले, अभ्रकातली किरणोत्साराची वलयं मोजली आणि मान्य केलं की आजच्या वेगाने कोट्यवधी वर्षं लागतील इतका क्षय खडकांत खरोखरच झालेला आहे. मला ही कबुली फार मोलाची वाटते. आपल्याच बाजूचा जुना युक्तिवाद पुराव्यापुढे टिकत नाही हे त्यांनी छापून सांगितलं. पण पुढचं पाऊल त्यांनी असं टाकलं: क्षय झाला खरा, मात्र तो अफाट वेगाने झाला. बराचसा निर्मितीच्या पहिल्या दिवसांत, आणि आजच्या वेगाने सुमारे ५० कोटी वर्षांचा होईल इतका नोहाच्या प्रलयाच्या एका वर्षात.

म्हणजे वाद आता एका नेमक्या प्रश्नावर आला आहे आणि त्याची तपासणी होऊ शकते. माझं म्हणणं एवढंच, की निसर्गातला एक आकडा बदलायचा तर त्याच्यामागून येणारे सगळे परिणाम पदरात घ्यावे लागतात. हवा तो परिणाम घेतला आणि नको तो देवावर सोपवला, असं विज्ञानात चालत नाही.

आधी क्षयाच्या वेगाबद्दल. युरेनियम-२३८ चा एखादा अणू कधी फुटेल हे कुणीही सांगू शकत नाही. पण मूठभर युरेनियमपैकी निम्मं ४४७ कोटी वर्षांत संपेल हे ठामपणे सांगता येतं. हा वेग ढळतो का, हे शास्त्रज्ञांनी निर्मितीवादी विचारायच्या कितीतरी आधी तपासायला घेतलं. रदरफर्ड आणि पेटाव्हेल यांनी रेडियममधून निघणारा वायू पोलादी बॉम्बमध्ये बंद करून आत कॉर्डाइट या स्फोटक द्रव्याचा स्फोट घडवला. सुमारे अडीच हजार अंश तापमान, हजार वातावरणांचा दाब, आणि वेगात दखल घेण्याजोगा फरक नाही. मेरी क्युरी आणि कामरलिंग ओनेस यांनी उलट टोक गाठलं, रेडियम द्रवरूप हायड्रोजनच्या थंडीत ठेवून पाहिलं. तिथेही काही नाही.

अपवाद आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. बेरिलियम-७ चं अणुकेंद्र स्वतःच्याच भोवतालचा इलेक्ट्रॉन गिळून बदलतं, त्यामुळे त्याचा वेग रासायनिक संयुगानुसार एखाद्या टक्क्याच्या आसपास हलतो. सगळ्यात मोठा अपवाद ऱ्हेनियम-१८७ चा. त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू संपायला लागणारा काळ) सुमारे ४,२०० कोटी वर्षं. जर्मनीत डार्मस्टाटच्या प्रयोगशाळेत १९९६ मध्ये त्याचे सगळेच्या सगळे ७५ इलेक्ट्रॉन काढून टाकले, तेव्हा ते अवघ्या ३३ वर्षांवर आलं. शंभर कोटी पटींहून अधिक वेग! निर्मितीवादी लेखनात या प्रयोगाचा उल्लेख हमखास येतो, आणि यायलाच हवा. पण जड अणूचा प्रत्येक इलेक्ट्रॉन काढून टाकायला लागणारी स्थिती म्हणजे ताऱ्याच्या पोटातला आयनद्रव. त्या स्थितीत खडक नसतो, पाणी नसतं, तारू नसतं, नोहा नसतो. शिवाय हा परिणाम ज्या क्षयात इलेक्ट्रॉनला जागा लागते त्याच्यापुरता आहे. युरेनियम आणि थोरियममधून अल्फा कण (म्हणजे हेलियमचं अणुकेंद्र) बाहेर पडतो, त्याला इलेक्ट्रॉनांच्या असण्यानसण्याचं जवळजवळ काही देणंघेणं नसतं.

अल्फा क्षयाबद्दल 'रेट'चा मुद्दा वरवर पाहता बिनतोड वाटतो. थोरियम-२३२ मधून निघणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे ४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि अर्धायुष्य १,४०० कोटी वर्षं. पोलोनियम-२१२ ची ऊर्जा ८.८, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त, आणि अर्धायुष्य सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. ऊर्जा दुप्पट झाली की वेग एकावर चोवीस शून्यं इतक्या पटींनी बदलतो. मग अणुकेंद्रातलं बल किंचितसं वेगळं असतं तर? गणित खरं आहे. पण ऊर्जा बदलली तर खुणा उरतात, आणि त्या खुणा नेमक्या 'रेट'ला प्रिय असलेल्या वलयांतच आहेत.

काळ्या अभ्रकाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर झिरकॉनच्या कणाभोवती गडद, एकात एक वर्तुळं दिसतात. डब्लिनच्या जॉन जॉली यांनी १९०७ मध्ये त्यांचं कारण सांगितलं: मधल्या कणातल्या युरेनियम-थोरियममधून सुटलेले अल्फा कण ठरावीक अंतर जाऊन थांबतात, आणि थांबताना अभ्रक काळवंडतो. कणाची ऊर्जा जितकी, तितकी वर्तुळाची त्रिज्या. म्हणजे त्या प्राचीन काळी अल्फा कण किती ऊर्जेने निघत होता याची नोंद दगडातच पडून आहे. जुन्या खडकांतली काही वर्तुळं थोडी मोठी आहेत असं वाटून खुद्द जॉलींनाच एकदा शंका आली होती, की पूर्वी युरेनियम जास्त वेगाने फुटत असेल. नंतरच्या काटेकोर मोजमापांनी ती दूर केली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या मानलेल्या वर्तुळांच्या त्रिज्या आजच्या ऊर्जेशी जुळतात. चॅफिन यांनी ऊर्जा न बदलता वेग बदलेल अशी गणितं मांडून पाहिली. पण अणुकेंद्रातलं बल एकट्या युरेनियमपुरतं वेगळं करता येत नाही. ते हललं की सगळ्याच मूलद्रव्यांची अणुकेंद्रं हलतात, सूर्यातली सुद्धा.

आता उष्णतेकडे. प्रत्येक क्षयात ऊर्जा बाहेर पडते आणि ती शेवटी खडक तापवते. साध्या ग्रॅनाइटच्या एका घनमीटरमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम मिळून सुमारे अडीच मायक्रोवॅट उष्णता निर्माण करतात. इतकी क्षुल्लक, की हाताला काय, नेहमीच्या तापमापकालाही कळणार नाही. आता ५० कोटी वर्षांची ही उष्णता एका वर्षात सोडा. ५० कोटी वर्षांचे सेकंद होतात एकावर सोळा शून्यं याच्या दीडपटीहून थोडे जास्त. गुणाकार केला की घनमीटरला सुमारे चार हजार कोटी ज्यूल येतात. एक घनमीटर ग्रॅनाइट एक अंशाने तापवायला साधारण पंचवीस लाख ज्यूल लागतात. भागाकार करा: पंधरा हजार अंशांहून थोडं अधिक. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंशांच्या आसपास आहे. ग्रॅनाइट हजार अंशांच्या आतबाहेरच वितळतो.

ही उष्णता वर्षभरात निघून जाईल म्हणावं, तर खडक उष्णतेचा फार वाईट वाहक आहे. एका वर्षात उष्णता खडकातून जेमतेम पाच-सहा मीटर सरकते. कित्येक किलोमीटर जाडीचं भूकवच आतल्या आत वितळेल, उकळेल, आणि वरचा समुद्र वाफ होऊन उडून जाईल. हे काही विरोधकांनी काढलेलं खुसपट नव्हे. उष्णतेचा प्रश्न 'रेट'ने स्वतःच्या ग्रंथात मांडला आहे. प्रलयाच्या वर्षात इतक्या वेगाने क्षय झाला असता तर महासागर उडून जातील आणि कवच वितळेल असं वार्डिमन यांनीच लिहिलं, आणि हा प्रश्न सुटलेला नाही हेही मान्य केलं.

हम्फ्रीज यांनी तोडगा सुचवला, की त्या वर्षी अवकाशच प्रसरण पावलं आणि त्यामुळे पदार्थ थंड झाला. पण अशी थंडी सगळ्यांना सारखीच लागणार. ग्रॅनाइटचे पंधरा हजार अंश शोषून घेईल एवढी थंडी ज्या समुद्रात किरणोत्सारी द्रव्य जवळपास नाहीच, तिथे आली तर समुद्र तळापर्यंत गोठेल, आणि तारवातले प्राणीही. म्हणून मग ती थंडी खडकाला हवी तेवढी आणि पाण्याला, प्राण्यांना नको तेवढी, अशी निवडून लागली पाहिजे. इतकं निवडक वागणारं भौतिकशास्त्र कुणाला माहीत नाही. ज्याला हा चमत्कार म्हणायचा आहे त्याने खुशाल म्हणावा, त्याच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण मग त्याला प्रयोगशाळेचा निष्कर्ष म्हणू नये.

उष्णतेचा प्रश्न चर्चेत बराच येतो, पण मला त्याहून अंगावर येणारा वाटतो तो माणसाच्या शरीरातला पोटॅशियम. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं. नसांतून संदेश जायला, हृदय ठोके द्यायला ते लागतंच. या पोटॅशियममधला दहा हजारांत एकाहून थोडा जास्त हिस्सा पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी असतो. त्यामुळे आत्ता हे वाचताना तुमच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणू फुटताहेत. त्याची वर्षाची मात्रा सुमारे ०.१७ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीराला लागणाऱ्या किरणोत्साराचं एकक), म्हणजे नगण्य. ती ५० कोटींनी गुणा. वर्षाला सुमारे ८५ हजार सिव्हर्ट. माणसाला एकदम चार-पाच सिव्हर्ट मिळाले तर उपचारांशिवाय निम्मे लोक दगावतात. ८५ हजाराला वर्षातल्या तासांनी भागलं की तासाला जवळजवळ दहा सिव्हर्ट येतात. म्हणजे क्षय वाढल्यापासून अर्ध्या तासात नोहा, त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना आणि तारवातला प्रत्येक प्राणी स्वतःच्याच रक्तामांसातल्या पोटॅशियमने प्राणघातक मात्रा घेऊन बसलेला असेल. बाहेरच्या खडकांतून येणारे किरण यात धरलेलेच नाहीत. त्या काळी शरीरात पोटॅशियम-४० नव्हतं असं म्हणण्याचीही सोय नाही. शरीराला पोटॅशियमचे प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत. अन्नात जे येतं तेच पेशींत जातं. आणि पोटॅशियम-४० चा क्षय वेगाने झाला असं म्हणणं 'रेट'ला भागच आहे, कारण पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने निघणारी वयं त्यावरच उभी आहेत.

निरनिराळ्या पद्धती एकमेकींशी कशा जुळतात ते पाहायला अमेरिकेत जायची गरज नाही, आपल्या पायाखाली पाहिलं तरी पुरे. युरेनियमचं शिसं होतं ते अल्फा आणि बीटा कण टाकत टाकत. पोटॅशियमचं आर्गॉन होतं ते इलेक्ट्रॉन गिळून. दोन्हीमागची बलं वेगळी. एकाच बांधाची मोजणी दोन मोजणीदारांनी दोन वेगवेगळ्या साखळ्यांनी केली आणि आकडा एकच आला, तर दोन्ही साखळ्या सारख्याच खोट्या असतील असं कुणी म्हणणार नाही. दख्खनच्या लाव्हाचं वय अमेरिकेतल्या दोन गटांनी असंच काढलं. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांमध्ये सापडणाऱ्या लाल मातीच्या पट्ट्यांतून झिरकॉनचे बारीक कण वेचले आणि युरेनियम-शिसं पद्धत लावली. बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने बेसाल्टमधल्या खनिजावर आर्गॉनची पद्धत वापरली. दोघांचेही निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. लाव्हाचे लोट नेमके कधी जोरात वाहिले आणि कधी मंदावले यावर दोघांत मतभेद आहेत, पण मुख्य उद्रेक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि दहा लाखाच्या आतबाहेर वर्षं चाललेला, यावर एकमत. 'रेट' म्हणतं की अल्फा क्षयाचा वेग बीटा क्षयापेक्षा (पोटॅशियमचा क्षय त्यात धरून) जास्त वाढला होता. तसं असतं तर दख्खनच्या या दोन आकड्यांत कोट्यवधी वर्षांची फारकत दिसायला हवी होती. दिसते ती काही लाख वर्षांच्या आतली.

ते लाल पट्टे पाहायचे तर पसरणी घाटाने किंवा वरंध्याने जाताना कापलेल्या कड्याकडे लक्ष द्यावं. काळ्या कातळाच्या दोन जाड थरांमध्ये विटकरी रंगाची, कुठे वीतभर कुठे हातभर रेघ लांबवर गेलेली दिसते. वरचा लोट यायच्या आधी खालचा लोट थंड झाला, उन्हापावसात झिजला, त्याची माती झाली, त्यावर लांबच्या ज्वालामुखीची राख पडली, आणि मग वरून दुसरा लोट आला. काही थरांमध्ये गोड्या पाण्याची तळीही होती. मुंबईत वरळीच्या टेकडीत एकोणिसाव्या शतकात अशाच थरात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले. तळं साचायला, त्यात बेडूक वाढायला, मरून गाळात दबायला लागणारा काळ प्रलयाच्या वर्षात बसवता येत नाही. आणि कोयनेच्या परिसरात खोल वेधन केलं तेव्हा किलोमीटरच्या आतबाहेर बेसाल्ट संपून खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागला. तो वितळलेला नाही. पंधरा हजार अंश सोसलेला खडक असा जागच्या जागी राहिला नसता.

ज्या उष्ण स्थानावरून (खोल भूगर्भातून लाव्हा वर येणाऱ्या, जवळपास स्थिर जागेवरून) दख्खनचा लाव्हा आला ते आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली जागं आहे. भारत उत्तरेकडे सरकत गेला तसतशी त्याच्यामागे ज्वालामुखींची रांग उमटत गेली. १९८७ मध्ये समुद्रतळाचं वेधन करून त्यातले नमुने काढले गेले. मालदीवच्या बाजूला सुमारे ५.७ कोटी वर्षं, चागोसजवळ सुमारे ४.९ कोटी, मॉरिशस बेट सुमारे ८० लाख, आणि रीयुनियनवर आजही उद्रेक होतात. अंतराबरोबर वय असं ओळीने उतरत जातं. हवाईतही तेच: पॅसिफिकचा तळ वर्षाला सात ते दहा सेंटिमीटर सरकतो हे आज उपग्रहांनी मोजतात, आणि किलाउएआ या जागृत ज्वालामुखीपासून पाचशे किलोमीटरवरच्या काउआई बेटाचं वय पोटॅशियम-आर्गॉनने निघतं सुमारे ५० लाख वर्षं. भागाकार करून पाहा. उपग्रहाला युरेनियम-पोटॅशियमशी काही घेणं नाही, तरी उत्तर तेच येतं.

आकाशातूनही साक्ष आहे. १९८७ च्या फेब्रुवारीत मोठा मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटला. त्याचा प्रकाश सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं प्रवास करून आला होता, आणि तो मंदावत गेला तो कोबाल्ट-५६ च्या ७७ दिवसांच्या अर्धायुष्याबरहुकूम, जसं आजच्या प्रयोगशाळेत मोजतात तसंच. गाबोनमधल्या ओक्लोच्या खाणीत सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी आपोआप पेटलेली अणुभट्टी १९७२ मध्ये उघडकीस आली. तिच्या राखेतल्या समेरियमवरून त्या काळची अणुबलं आजच्याइतकीच होती असा निष्कर्ष अलेक्झांडर श्ल्याख्तर यांनी १९७६ मध्ये काढला.

'रेट'चा सगळ्यात गाजलेला पुरावा मात्र हेलियमचा, आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. न्यू मेक्सिकोत फेंटन हिल इथे भूगर्भातली उष्णता वापरण्यासाठी खोल विहीर खणली होती. तिथल्या सुमारे १५० कोटी वर्षांच्या खडकातले झिरकॉन वेगवेगळ्या खोलीवरून काढून रॉबर्ट जेंट्री यांनी १९८२ मध्ये मोजले, तेव्हा वरच्या नमुन्यांत तयार झालेल्या हेलियमपैकी निम्म्याहून अधिक अजून शिल्लक होता. हेलियम तर सटकणारा वायू. हम्फ्रीज यांनी हेलियम झिरकॉनमधून किती वेगाने झिरपतो ते मोजून घेतलं आणि हिशेब काढला: गळती फक्त सहा हजार वर्षांची. प्रश्न रास्त आहे. पण हिशेबात खडकाचं तापमान सगळा काळ आजच्याइतकंच धरलं होतं. फेंटन हिलच्या शेजारी व्हॅलेस हा प्रचंड ज्वालामुखी आहे, त्याचा मोठा उद्रेक साडेबारा लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे आजची उष्णता ही भूशास्त्राच्या मानाने ताजी गोष्ट आहे. त्याआधी तो खडक बराच काळ थंड असू शकतो, आणि थंड झिरकॉनमधून हेलियम जवळजवळ हलत नाही. गॅरी लोशेल्ट आणि केव्हिन हेन्के यांनी हे आणि असे बरेच आक्षेप सविस्तर मांडले: स्फटिकांतले दोष, जेंट्रींच्या आकड्यांत नंतर केलेली दुरुस्ती, आजूबाजूच्या खडकातला हेलियम. शिवाय एका विहिरीतल्या मोजक्या नमुन्यांवर पृथ्वीचं वय ठरवायचं, आणि जगभर हजारो झिरकॉनांतला हेलियम मोजून डोंगर केव्हा वर आले याचे जे हिशेब लागतात ते सोडून द्यायचे, हे मला पटत नाही. क्षय खरोखर काही हजार वर्षांपूर्वीच वेगाने झाला असता, तर तीच खूण प्रत्येक खंडातल्या खडकावर दिसली असती.

'रेट'ने तरुण पृथ्वीचा पुरावा म्हणून पुढे केलेल्या, हिऱ्यांत आणि कोळशात सापडणाऱ्या कार्बन-१४ च्या किंचित अंशाबद्दल थोडक्यात: तो अंश उपकरणाच्या आणि नमुना तयार करण्याच्या स्वतःच्या पार्श्वभूमीएवढा (नमुन्यात कार्बन-१४ नसतानाही दिसणाऱ्या आकड्याएवढा) आहे. ही पार्श्वभूमी मोजायला टेलर आणि साउदन यांनी २००७ मध्ये हिरेच वापरले.

विज्ञानात वय मोजताना चुका होत नाहीत असं मला म्हणायचं नाही. आपलं लोणारचं सरोवर घ्या. उल्का आदळून ते विवर झालं यावर आता वाद नाही, पण केव्हा? १९९७ मध्ये प्रकाश-उत्सर्जनाच्या पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं असं उत्तर आलं. २०११ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने वितळून घट्ट झालेल्या काचेचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दहापटींहून अधिक तफावत. कुणी ती लपवली नाही. कुठली पद्धत नेमकं काय मोजते, पहिल्या पद्धतीतलं घड्याळ नंतरच्या उन्हाने किंवा बदलांनी शून्यावर गेलं असेल का, यावर उघड चर्चा झाली. लोणारचा आकडा आधी ठरवून कुणी खडकाकडे गेलं नव्हतं.

'रेट'चं तसं नव्हतं. पृथ्वी काही हजार वर्षांची, हे उत्तर प्रकल्प सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं होतं आणि संस्थेच्या श्रद्धेचा तो भाग होता. म्हणून उष्णतेचा प्रश्न जेव्हा समोर आला तेव्हा 'आपलं गृहीतक चुकलं असेल' ही वाट त्यांना मोकळीच नव्हती. धर्म मानणाऱ्या सगळ्यांची हीच अडचण असते असं मात्र नाही. मंगळावरच्या उपकरणांवर काम केलेले रॉजर वीन्स हे श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि किरणोत्सारी कालमापन का विश्वासार्ह आहे हे ख्रिस्ती वाचकांना समजावणारा लांब निबंध त्यांनीच लिहिला आहे. ख्रिस्ती वैज्ञानिकांच्या अमेरिकन सायंटिफिक अफिलिएशनचे रँडी आयझॅक यांनी २००७ मध्ये 'रेट'ची कसून समीक्षा केली आणि निष्कर्ष नाकारले.

म्हणूनच टेक्सासने २००८ मध्ये जो निर्णय घेतला तो मला योग्य वाटतो. 'रेट'मागची 'इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च' तोवर टेक्सासमधल्या डॅलसला गेली होती आणि विज्ञान-शिक्षणात पदव्युत्तर पदवी देण्याची परवानगी मागत होती. राज्याच्या उच्चशिक्षण मंडळाने ती नाकारली, आणि २०१० मध्ये संघीय न्यायालयानेही मंडळाची बाजू उचलून धरली. श्रद्धेचं शिक्षण द्यायला कुणी अडवलं नव्हतं. आपल्या निष्कर्षांना विज्ञानाचा शिक्का मागितला गेला, आणि तो द्यायला उत्तर बदलण्याची तयारी लागते. शाळांत निर्मितीवाद शिकवायला लावणाऱ्या आर्कान्साच्या कायद्यावर १९८२ मध्ये आणि लुइझियानाच्या कायद्यावर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयांनी हाच फरक पाहिला होता.

आपल्याकडे या वादाकडे थोड्या कौतुकाने पाहिलं जातं. 'आपला कल्प तर ४३२ कोटी वर्षांचा, विज्ञानाच्या आकड्याजवळच!' असं अभिमानाने सांगणारे मला बरेच भेटतात. त्यांना मी विचारतो, की मग संकल्पात आपण जे वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग म्हणतो, त्या हिशेबाने या कल्पाची जवळपास १९७ कोटी वर्षंच उलटलेली आहेत, त्याचं काय करायचं? जुळला तो आकडा घ्यायचा आणि न जुळलेला विसरायचा, हीच ती पद्धत. विश्वाच्या वयाची इतकी भव्य कल्पना आपल्या पूर्वजांनी केली याचं मला अप्रूप आहे. पण ती कुठल्या खडकावरून मोजलेली नव्हती, आणि तिला मोजमापाचा मान देणं हे तिच्यावरही अन्यायकारक आहे.

आमच्या शाळा-कॉलेजांत निर्मितीवादाला विज्ञान म्हणून जागा नसावी. पण 'रेट'चा दावा वर्गात आणायला माझी हरकत नाही, उलट आणावाच. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात किरणोत्सारी क्षयाचा नियम असतो, मुलं तो पाठ करतात, चार गणितं सोडवतात आणि विसरतात. त्याऐवजी त्यांना हे गणित द्यावं. ग्रॅनाइटची घनता, त्याची विशिष्ट उष्मा, अडीच मायक्रोवॅट, आणि ५० कोटी वर्षं एका वर्षात. मग शरीरातलं १४० ग्रॅम पोटॅशियम. तासाभरात वर्गातला प्रत्येक मुलगा आणि मुलगी स्वतःच्या हाताने पंधरा हजार अंशांपर्यंत पोहोचेल. आणि कुणी विचारलं, 'सर, मग कल्पाच्या आकड्यालाही असंच तपासायचं का?', तर शिक्षकाने हो म्हणावं.